पुकारा

"सुनावनी म्हंजी ते आमाला सुनावनार, का आमी त्यांला?"

म्हाताऱ्यानं हे इतक्या गंभीरपणे विचारलं की मला हसूही आलं नाही. सकाळचे दहा वाजत होते. विक्रीकर कार्यालयाच्या व्हरांड्यात मी नुकतीच फरशी पुसली होती आणि त्या ओल्या फरशीवर हा माणूस चपला हातात धरून उभा होता. धोतर, वर बंडी, बंडीवर धुऊन विटलेला कोट. खांद्यावरची जड पिशवी त्यानं बाकावर ठेवली ती निजलेलं लेकरू ठेवावं तशी, आधी एक बाजू टेकवून, मग हलकेच दुसरी.

"दोन्ही," मी म्हटलं. "आधी तुम्ही बोलायचं, मग साहेब. बसा बाबा. आणि चपला घाला पायात, फरशी परत पुसता येते."

"आपलं नाव?"

"लिंबाजी. इथला शिपाई."

"आसं का. मी यादोबा ओतारी. घुंगराच्या कारखान्यातला."

घुंगराचा कारखाना आमच्या गावापासून सात कोसांवर. तिथल्या रासने मालकांच्या घरात पिढ्यानपिढ्या पितळेचा धंदा. चार ओतारी घरं त्यांच्याजवळ, चाळीसेक बाया माळा ओवायला. पुढं भट्टी वाढवायची म्हणून बँकेकडे गेले, तर बँकेला कंपनी हवी होती, आणि कंपनीला नाव हवं होतं. कुणा शहरातल्या सल्लागारानं ते नाव काढून दिलं. ते बँकेत गेलं, कागदावर गेलं, आमच्या कार्यालयात आलं. कारखान्याच्या दारापर्यंत मात्र ते कधी पोचलं नाही.

यादोबांनी कोटाच्या आतल्या खिशातून अधिकारपत्र काढलं. वर छापलं होतं, मेसर्स दक्षिणगंगा नॉन-फेरस कास्टिंग्ज प्रायव्हेट लिमिटेड. खाली मालकांची वाकडी सही.

"उजवा हात लुळा पडलाय मालकांचा," यादोबा म्हणाले. "डाव्यानं केलीया सही. सल्लागार येनार हुता, त्यो म्हनतो माझ्याकडं आज तीन गावच्या तारखा हायेत. मालक म्हनले, यादोबा, तूच जा. साहेबाला इचारायचंय काय, तर घुंगरू म्हंजी काय. ते तुझ्याबिगर कोन सांगनार?"

"बरोबर आहे."

"त्यांनी कागुद धाडलाय की तुमचा माल वाद्य हाय. शेतीच्या सामानाला कर न्हाई, वाद्याला हाय. आता तीन वर्सांचा एकदम मागत्यात. मालक म्हनले, आज ह्यो कर बसला तर भट्टी इझवावी लागंल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी आठ वर्सांचा असताना भात्यावर बसलो, लिंबाजीराव. तवापास्नं ती भट्टी दसऱ्याबिगर इझली न्हाई."

मग त्यांनी पिशवीचं तोंड सोडलं. आत घुंगरं होती, पण आवाज नव्हता. एकेका घुंगराच्या चिरेत चिंधी कोंबली होती.

"हे काय?"

"सरकारी जागा. एस्टीतनं उतरलो तवाच बसून एकेक बंद केलं. आपल्या पिशवीचा खुळखुळाट नको साहेबांच्या कामात."

एक घुंगरू त्यांनी मोकळं केलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. लिंबाएवढं, वर कडी, खाली रुंद चीर. शेजारी दुसरं ठेवलं, हरभऱ्याएवढं, त्याची चीर केसासारखी.

"ह्ये बारकं नाचनारीच्या पायातलं. ह्याला वाद्य म्हना, मी न्हाई म्हननार न्हाई. पर ते आमी करतच न्हाई, वळखीसाठी आनलंय. आमचं ह्ये मोठं. बैलाच्या गळ्यातलं. चीर रुंद का? वाटंचा फुफाटा आत जातो, त्यो खाली गळून जायाला पायजे. नाचनारीच्या पायाला कुठं फुफाटा?"

"खरंच."

"अजून ऐका. वाद्य मानूस वाजवतो. ह्याला कुनी वाजवत न्हाई. बैल चालला की वाजतं, थांबला की गप. गाडीवानाला डुलकी लागली तरी कानानं कळतं, बैल चालतोय का उभा ऱ्हायला. समूरच्या गाडीला वळनावर कळतं, कुनीतरी येतंय. म्हंजी ह्यो गाडीचा भोंगा झाला. तुमच्या साहेबांच्या जीपच्या भोंग्याला वाद्य म्हनत्यात का?"

मी त्या घुंगराकडे पाहत राहिलो. त्या कचेरीत मी अकरा वर्षं माणसांना आत सोडत होतो, बाहेर काढत होतो. वकील पाहिले होते, जाड पुस्तकं घेऊन येणारे. इतकं सरळ बोलणं आतल्या खोलीत कुणी केलेलं माझ्या कानांवर आलं नव्हतं.

"हेच सांगा आत," मी म्हटलं. "असंच. एक शब्द बदलू नका."

"सांगीन. पर हाक कवा येनार?"

"येईल. मीच मारतो ना हाक. तुम्ही जागचे हलू नका."

मार्चचा शेवटचा दिवस होता. त्या दिवशी आमच्या कचेरीला ताप चढलेला असायचा. जुन्या वर्षांच्या केसेस त्या दिवशी निकाली निघाल्या नाहीत तर कायमच्या हातातून जात, आणि साहेबाला वरून विचारणा होई. आमचे रणनवरे साहेब तसे वाईट माणूस नव्हते. मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं, बदलीची टांगती तलवार होती, आणि टेबलावर तेवीस फायली होत्या. त्या दिवशी ते जेवले नाहीत. हे मला माहीत आहे, कारण त्यांचा डबा मीच उघडून ठेवला होता आणि मीच तसाच बंद केला.

मी एकेकाला आत सोडत होतो.

"मुनोत काका, चला."

"तेलवाले झुंबरशेठ, या, तुमचंच."

"वहिनी, तुमचे मालक नाही आले का? बरं, तुम्ही चला. वही घ्या बरोबर."

माणसं उठत, टोपी सारखी करत, आत जात. परत येताना कुणाचा चेहरा उतरलेला, कुणाचा सैल. यादोबा प्रत्येक नावाला मान वर करत आणि खाली घालत. दुपारी मी म्हटलं, समोर खानावळ आहे, चार घास खाऊन या. ते म्हणाले, "आन तेवढ्यात हाक आली म्हंजी?" आणि फडक्यातली भाकरी तिथंच सोडली. अर्धी माझ्यापुढं धरली. वर लसणाची चटणी. मी ती भाकरी खाल्ली.

चारच्या सुमारास साहेबांची घंटा वाजली.

आत मोकाशीबाई टाइपरायटरवरून बोटं उचलून बसल्या होत्या. आमच्या कचेरीतलं सगळं टंकन त्यांच्याकडे. साहेबांनी मान वर न करता फाइल पुढं सरकवली.

"दक्षिणगंगा. पुकारा कर."

मी फाइलवरचं नाव पाहिलं. बाहेर आलो, दाराच्या चौकटीत उभा राहिलो.

आमचे वडील गावचे कोतवाल होते. दवंडी त्यांची. खालच्या आळीतून हाक दिली तर वरच्या मळ्यातल्या माणसानं औत थांबवावं असा गळा. तो गळा माझ्याकडे आला होता, आणि मला त्याचा अभिमान होता. मी छाती भरून घेतली.

"मेसर्स दक्षिणगंगा नॉन-फेरस कास्टिंग्ज प्रायव्हेट लिमिटेड, हाजिर."

व्हरांड्यातलं बोलणं थांबलं. सात-आठ माणसं होती. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

दुसऱ्यांदा. नाव भिंतीवर आपटून परत आलं.

यादोबांनीही पाहिलं, डावीकडे, मग उजवीकडे. कोण हा एवढ्या मोठ्या नावाचा, तो उठतोय का. तिसऱ्यांदा मी पुकारलं तेव्हा त्यांनी पिशवी बाकाखाली ओढून घेतली, जाणाऱ्याला वाट मिळावी म्हणून.

मी आत गेलो.

"कोणी नाही, साहेब."

साहेबांनी सही केली. मोकाशीबाईंनी शिक्का मारला.

सहा वाजता मी खिडक्या लावायला लागलो तेव्हा बाकावर ते एकटेच होते.

"आमची हाक?"

"आज झालं बाबा. साहेब निघाले. कागद घरी येईल पोस्टानं."

"म्हंजी फुडची तारीख पडली." त्यांच्या चेहऱ्यावर दिवसभराचा ताण सुटला. "बरं झालं. तवर सल्लागाराला बी सवड व्हईल."

मोकळं केलेलं ते एक घुंगरू त्यांनी खिशातल्या चिंधीनं पुन्हा बंद केलं, पिशवी खांद्याला लावली आणि गेले.

कागद गेला. त्यात लिहिलं होतं की कंपनीला आपलं म्हणणं मांडण्याची पुरेशी संधी देण्यात आली, पुकारा करूनही कोणी हजर राहिलं नाही, सबब एकतर्फी आदेश. मे महिन्यात त्यांचं बँकेतलं खातं गोठलं. पितळ आणायला पैसा नाही, म्हणून भट्टी गार झाली. वर अपील करता येत होतं, पण त्याला आधी निम्मी रक्कम भरायची होती, आणि ती रक्कम त्याच गोठलेल्या खात्यात होती. म्हणून रासने मालक उच्च न्यायालयात गेले. याचिकेत एवढंच होतं की आमचं ऐकून घेतलं नाही. आमचा माणूस सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत दाराशी बसून होता. कर द्यायचा की नाही ते नंतर बघा, आधी आमचं ऐका.

रणनवरे साहेबांची तोवर बदली झाली होती. नव्या साहेबांनी मला बोलावलं. मोकाशीबाई कागद चढवून तयार होत्या.

"पुकारा केला होता ना रे?"

"केला, साहेब."

"किती वेळा?"

"तीन."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं."

"मग झालं. घाबरतोस कशाला? खरं तेच लिहायचंय."

मोकाशीबाईंनी प्रतिज्ञापत्र टंकलं. मी नमूद करतो की मी कंपनीचे पूर्ण नाव घेऊन मोठ्या आवाजात तीन वेळा पुकारा केला. मी दोनदा वाचलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. खाली सही केली. बाई माझ्याकडे बघत नव्हत्या.

सुनावणीला मला खंडपीठात जावं लागलं. न जाणो, न्यायमूर्तींनी विचारलं तर. मोठी दगडी पायऱ्यांची इमारत, माणसं कुजबुजत चाललेली. मागच्या बाकावर यादोबा बसले होते, तोच कोट घालून. मला पाहून त्यांनी हात जोडले आणि सरकून जागा केली. मी तिथं बसलो. दुसरीकडे कुठं बसणार?

कंपनीचे वकील तरुण होते. चांगले बोलले. माणूस दारात असताना तो नाही असं धरून निकाल देणं म्हणजे न्यायाची थट्टा आहे, म्हणाले. बस-तिकीट दाखवलं. त्या दिवशी व्हरांड्यात हजर असलेल्या दोन व्यापाऱ्यांचे लेखी जबाब दाखवले. न्यायमूर्तींची मान हलत होती. मला वाटलं, आता होतंय. मी बाकाच्या कडेशी सरकलो. ते सुखानं की भीतीनं, अजून सांगता येत नाही.

मग सरकारी वकील उठले आणि त्यांनी फक्त एक परिच्छेद वाचून दाखवला. माझ्या प्रतिज्ञापत्रातला नाही. यादोबांच्या.

पुकारा झाला होता, असं त्यांनी लिहून दिलं होतं. तीन वेळा झाला. मी ऐकला.

न्यायमूर्तींनी कंपनीच्या वकिलांकडे पाहिलं. "पुकारा झाला हे तुमचाच माणूस सांगतो. ऐकूनही तो उठला नाही. मग संधी दिली नाही असं आम्ही कसं म्हणायचं?"

वकील म्हणाले, त्याला ते नाव कळलं नाही, साधा कारागीर आहे.

"अधिकारपत्र तर त्याच नावाचं आहे. ते खिशात घेऊन बसला होता ना?"

बाकी इंग्रजीत झालं. अपिलाचा मार्ग मोकळा आहे, याचिका फेटाळण्यात येते, एवढं मला कळलं. पुढची केस पुकारली गेली. मालक घरी अंथरुणावर होते. तरुण वकिलांनी फाइल मिटली, यादोबांकडे एकदा पाहिलं आणि काही न बोलता बाहेर गेले.

आम्ही दोघं व्हरांड्यात आलो.

"वकीलसाहेब रागावल्यात माझ्यावर," यादोबा म्हणाले. "त्यांनी मला आदीच सांगितलं हुतं, पुकारा झालाच न्हाई आसं ल्ही. मी म्हनलो, कसं ल्हिऊ? मी माझ्या कानानं ऐकला. मला कळलं न्हाई ती माझी चूक. आन तसं ल्हिलं आसतं, तर तुमी खोटं पडला आसता."

त्यांनी कोटाची बटणं लावली.

"त्यो शिपाई भला मानूस हाय, मी म्हनलो वकिलांना. दिसभर माझ्याशी बोलला, माझी भाकर खाल्ली. माझ्या तोंडानं त्याची नोकरी जायाची आन मी घुंगरं ओतत बसायचं, आसं कसं व्हईल?"

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मोकाशीबाईंना तर नाहीच, जरी त्यांना अर्धं माहीत होतं.

त्या दिवशी सकाळी, यादोबा यायच्या आधी, साहेबांच्या टेबलावरच्या फायली मीच लावल्या होत्या. दक्षिणगंगाचा आदेश आदल्या दिवशीच टंकून तयार होता. सहा पानं, आणि त्यात गैरहजर लिहिलेलं. सल्लागार येत नाहीत हे साहेबांना फोनवरून कळलं होतं. आदेश ज्या लाल पुठ्ठ्यात होता, त्यातच खाली आणखी एक कागद होता. रोजंदारीवरच्या तिघांना कायम करण्याची शिफारस. तिसरं नाव माझं. सही व्हायची होती. मोकाशीबाई म्हणाल्या होत्या, "आज साहेबांचं डोकं शांत राहू द्या लिंबाजी, म्हणजे संध्याकाळपर्यंत होईल तुमचं. आणि कुणी नवीन आणून बसवू नका आत. सहा पानं परत टंकायची ताकद नाही माझ्यात."

अकरा वर्षं मी कुणालाही कागदावरच्या नावानं हाक मारली नव्हती. आमच्याकडे कागदावरचं नाव माणसाला ठाऊक नसतं, हे मी पहिल्याच आठवड्यात शिकलो होतो. म्हणून मी सकाळी सगळ्यांना नाव-गाव विचारून घेई आणि तेच पुकारी. त्या एका दिवशी, त्या एका माणसासाठी, मी फाइल वाचून पुकारलं.

आणि एवढ्यावर भागलं नव्हतं. मी "कोणी नाही" म्हटल्यावर साहेबांनी पेन उचललं, आणि थांबले.

"तो म्हातारा कोण बसलाय सकाळपासून? पिशवी घेऊन?"

मोकाशीबाई माझ्याकडे पाहत होत्या. साहेबांचं पेन हवेत होतं. त्यांनी खरंच विचारलं होतं. सहा पानं गेली चुलीत, आण त्याला आत, असं ते म्हणालेही असते. त्या माणसात तेवढं होतं.

"माझ्या गावचे आहेत, साहेब," मी म्हणालो. "मला भेटायला आलेत."

साहेबांनी सही केली. मग पुठ्ठ्यातला खालचा कागद वर घेतला आणि त्यावरही केली.

हे सगळं त्या दगडी व्हरांड्यात माझ्या ओठांशी आलं. तरुण वकील पायऱ्यांवर उभे होते, वीस पावलांवर, काळा कोट हातावर घेऊन कुणाशी तरी बोलत. निकालाची शाई वाळली नव्हती. मी गेलो असतो आणि माझ्या तोंडानं सांगितलं असतं, तर ते परत आत गेले असते. मला कायद्यातलं कळत नाही, पण एवढं कळत होतं.

यादोबा माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी काहीतरी बोलणार आहे हे त्यांना जाणवलं असावं. ते थांबले. ऐकायला थोडे पुढंही झुकले.

"तुमची गाडी किती वाजता?" मी विचारलं.

"साडेचारची हाय म्हनत्यात. पर पाटी वाचता येत न्हाई मला धड."

"चला, मी बसवून देतो."

स्टँडवर गर्दी होती. फलाट शोधला, पाटी वाचली, गाडी लागताच पळत जाऊन खिडकीतून रुमाल टाकून त्यांना जागा धरली. गर्दीतून वाट काढून त्यांना आत चढवलं. ते खिडकीशी बसले, रुमाल झटकून, घडी करून त्यांनी माझ्या हातात दिला.

"लई केलंत माझ्यासाठी," ते म्हणाले. "या एकदा तिकडं. आता भट्टी दावता यायची न्हाई, पर दोन भाकरी व्हतील."

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली.

"येतो," मी म्हणालो.